सोळा घरांत चालणारी बाई

एप्रिल लागला की मला घरात बसवत नाही. बदलापूरचा हा फ्लॅट तसा गार आहे, पंखा आहे, खिडक्यांना पडदे आहेत. तरी दुपारी दोन वाजता मी या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारते. डॉक्टर म्हणतात, बीपी आहे. असेल. पण बीपी मला पाच वर्षांपूर्वी झालं आणि ही सवय त्याच्या कितीतरी आधीची आहे. ऊन समोरच्या इमारतीच्या भिंतीवर चढतं, खालून कैरीवाला ओरडत जातो, आणि पायांना काहीतरी करायचं असतं. काय, ते पायांनाही ठाऊक नसतं.

उन्हाळ्यावर लिहिणारे आमरस, पत्ते आणि मामाचं गाव लिहितात. लिहू देत. मी चौथी शिकले, पण वाचायचं सोडलं नाही, त्यामुळे असलं बरंच वाचलंय. माझ्याकडे सांगण्यासारखा एकच उन्हाळा आहे आणि तो गोडही नव्हता, कडूही नव्हता. तो नुसता बसू देत नव्हता.

तेव्हा आम्ही उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात राहत होतो; तिथे वस्त्यांना कॅम्प म्हणतात. नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील. माझे यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. मी त्यांना जन्मभर 'हे' म्हटलं, इथेही तेच लिहिणार. घरात आम्ही दोघं आणि मुलगी सुवर्णा. सुवर्णा बारावीला रसायनशास्त्रात दोनदा अडकली होती. तिसऱ्यांदा मार्चमध्ये पेपर दिला होता आणि निकालाची वाट बघत होती. वाट बघत होती म्हणजे उठायची, खिडकीशी जायची, परत यायची, पाणी प्यायची, पुन्हा खिडकीशी. ह्यांनी सांगून टाकलं होतं, "जूनपर्यंत थांबतो. तोवर काही धड दिसलं नाही तर स्थळं बघायला लागतो."

माझी आई माहेराहून, सोनिवलीहून, तांदूळ घेऊन आली तेव्हा तिनेही विचारलं, "पोर दोनदा नापास झाली, आता घरान ठेवून काय तिचा लोणचा घालशील गो? लगीन करून टाक."

मी कुणाचीच बाजू घेतली नाही. खरं सांगायचं तर मला सुवर्णाचा रागच यायचा. माणूस नापास झाला तर त्याने निदान भांडी घासावीत.

शेजारी मोहिनीभाभी राहायची, सिंधी. एप्रिलात आम्ही दोघी मिळून पापड लाटायचो. एक दिवस तिचे, मिऱ्याचे, एक दिवस माझे. पुढच्या गल्लीत पँटी शिवायच्या मशिनी दिवसभर चालायच्या आणि आमची लाटणी त्यांच्या तालावर. एकदा भाभी लाट्यांच्या डब्याबरोबर एक काळं यंत्र घेऊन आली. हातभर नाही, वीतभर. वर काचेची छोटी पाटी, खाली पन्नासेक बटणं.

"ये देख. मेरा भाई सिंगापूर से लाया. मेरा ससुर दो दिन इससे टीव्ही चालू कर रहा था."

"मग झाला का?"

"टीव्ही क्या होगा. ये तो कॅल्क्युलेटर है. पर दुकान में बेरीज मारो तो टेढ़ी लकीर निकालता है." ती सुवर्णाकडे वळली. "ले बेटा, तू पढ़ी-लिखी है, तू ही चला."

पढ़ी-लिखी म्हटल्यावर सुवर्णाचं तोंड बघण्यासारखं झालं. पण तिने ते घेतलं.

त्याच्याबरोबर इंग्रजी पुस्तक होतं, विटेएवढं जाड. दोन वर्षं पुस्तकाला हात लावायचा कंटाळा करणारी मुलगी ते पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचायला बसली. चार दिवसांनी मला म्हणाली, "आई, ह्याला कामं सांगता येतात. बेसिक म्हणून भाषा आहे, त्यातली."

बेसिक हा शब्द मला ह्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवरून माहीत होता. मी म्हटलं, "मग डीए कुठे आहे?" ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली, म्हणून लक्षात राहिलं.

त्या काचेत आठ ओळी होत्या आणि दर ओळीत सोळा घरं. एका घरात एक अक्षर किंवा एक चिन्ह. यंत्राला सांगायचं, अमक्या ओळीत, अमक्या घरात, अमकं ठेव. एवढंच. मला ते लगेच समजलं, कारण ठिपक्यांची रांगोळी दुसरं काय असते? सुवर्णाने इंग्रजी ओ घेऊन डोकं केलं. त्याच्या खाली उभी रेघ. त्याच्या खाली पाय. पाय करताना अडचण आली. यंत्रात उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ होती, डावीकडे झुकलेली नव्हती. म्हणजे बाईला एकच पाय. तिने दोन दिवस त्यात घालवले. मी लाटता लाटता म्हटलं, "पाय सरळ कशाला हवा? चालताना गुडघा मोडतो की नाही?" मग तिने गणितातलं लहान-मोठ्याचं टोकदार चिन्ह दुसऱ्या पायाला लावलं. पाय गुडघ्यात वाकला. बाई उभी राहिली.

नंतर ती चालायला लागली.

ते कसं होतं ते सांगते, कारण मी पुढे वर्षानुवर्षं त्याचा विचार केला आहे. काचेत कोणी चालत नसतं. पाचव्या घरात बाई काढायची, मग सहाव्या घरात काढायची आणि पाचव्यातली पुसायची. आधी पुसली तर मधे क्षणभर कोणीच नसतं, डोळ्याला झटका बसतो. पुसायला उशीर झाला तर दोन बाया दिसतात. पुढची आली रे आली की मागची गेली पाहिजे, तेव्हा कुठे बघणाऱ्याला वाटतं की बाई चालली. आणि तिला मधे थांबवायचं असेल तर थांब म्हणून चालत नाही. यंत्राला उगाच एकपासून वीसपर्यंत मोजायला लावायचं. ते मोजत बसतं, तेवढा वेळ बाई उभी. मला हे ऐकून बरं वाटलं नाही. मीही गॅसपाशी उभी राहते तेव्हा हेच करते, असं मनात आलं. नुसती मोजत असते.

बाई डावीकडून निघायची, सोळाव्या घरापर्यंत जायची, दिसेनाशी व्हायची आणि पुन्हा पहिल्या घरात हजर. दुपारभर. पापड लाटताना ते यंत्र आमच्या मधे पाटावर ठेवलेलं असायचं. एकदा मी वैतागून म्हटलं, "ही बसत का नाही कुठे?"

"बसवली की प्रोग्राम संपतो, आई."

"मग संपू दे."

"मग मी काय करू?"

मी पुढची लाटी घेतली.

भाभीचे एक लांबचे नातेवाईक, मुरलीशेठ, दोन नंबर कॅम्पात दुकानांसाठी चालत्या अक्षरांच्या पाट्या बनवायचे. लाल दिव्यांच्या. आता बदलापुरात औषधाच्या दुकानावरही ती पाटी असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. तेव्हा लोक रस्त्यात उभे राहून वाचायचे. पण सगळ्यांच्या पाटीवर तेच ते, अक्षरं उजवीकडून आली, डावीकडे गेली. शेठना पाटीवर चित्र चालवणारं कोणीतरी हवं होतं. भाभीने शब्द टाकला. निरोप आला, शनिवारी घेऊन या, बघतो.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "दोन नंबरात? त्या कारखान्यांच्या गल्लीत? तिथे सगळे पुरुष."

"तुमच्या कारखान्यात काय गोपी आहेत?" मी विचारलं.

ते जेवत होते. हात धुऊन म्हणाले, "जाऊन या. शेठ स्वतःहून हो म्हणाला तर पुढचं बघू. नाही म्हणाला तर मी काकांना पत्र टाकतो, त्यांनी सुचवलेलं बदलापूरचं स्थळ अजून मोकळं आहे." सुवर्णा दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं. शनिवारपर्यंत तिच्या हातात चार दिवस होते आणि ती बाई.

आता माझी गोष्ट सांगते. त्या काळात घरोघरी सेल उन्हात ठेवायचे. ट्रांझिस्टरचे, बॅटरीचे, घड्याळाचे. सेल मेले की फेकायचे नाहीत, दोन-तीन कडक उन्हं द्यायची, थोडा जीव येतो. काही जण दातांनी चावायचे. मी चावत नसे, ऊन देत असे. शुक्रवारी कॅम्पातली दुकानं बंद आणि वीजही गेलेली. सुवर्णा न्हायला गेली होती. मी गच्चीवर पापड पसरायला निघाले तेव्हा मनात आलं, उद्या एवढं मोठं काम आहे, यंत्राचे सेल आयत्या वेळी बसले तर? मी मागचं झाकण काढलं. चार बारीक सेल निघाले. शेजारी आणखी एक चपटा, बटणासारखा, स्क्रूने बसवलेला. तोही सुरीच्या टोकाने काढला. अर्धवट काम मला आवडत नाही. पाचही सेल सुपात घालून पापडांच्या कडेला ठेवले. दोन तासांनी खाली आणून जसेच्या तसे बसवले. मला वाटलं, मी मदत केली.

सुवर्णाने बटण दाबलं. काचेवर इंग्रजीत दोन शब्द आले. ते तिने मला वाचून दाखवले नाहीत. तिने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा. मग माझ्याकडे बघितलं.

"ह्याला कोणी हात लावला?"

"मी. सेल काढून उन्हात ठेवले."

"चपटापण?"

"चपटापण."

ती खाली बसली. त्या चपट्या सेलचं कामच ते होतं, बाकीचे चार बदलताना आत लिहिलेलं धरून ठेवायचं; पाचही एकदम काढल्यावर आतलं सगळं पुसलं गेलं होतं. हे मला तिने नंतर सांगितलं. ओरडली असती तर मीही ओरडले असते, आणि मोकळं झालं असतं. मी विचारलं, "वहीत नाही का लिहून ठेवलं?" ती म्हणाली, "रोज बदलत होते." एवढंच. पँटीच्या मशिनी बंद, पंखा बंद. मी माफी मागितली नाही. माफी मागून बाई परत येणार नव्हती.

मी रांगोळीचा डबा काढला. स्वयंपाकघराच्या लादीवर आठ ओळी घातल्या, दर ओळीत सोळा ठिपके. महिनाभर दुपारी ती बाई माझ्या नाकासमोरून गेली होती. मला इंग्रजी येत नाही, पण चित्र मी विसरत नाही. ठिपक्यांवर मी पहिलं पाऊल काढलं. डोकं इथे, हात इथे, वाकलेला पाय इथे. सुवर्णाने ते बघितलं. मग उठून यंत्र घेऊन जवळ आली. मी काढायची, ती घरं मोजून आत लिहायची. दुसरं पाऊल. तिसरं. चौथ्याला आमची गाडी अडली. ती म्हणाली इथे थांबते, मी म्हटलं इथे नाही, पुढे थांबते.

"आई, चाल," ती म्हणाली.

"कुठे?"

"इथेच. मोरीपासून दारापर्यंत चाल."

मी चालले. ती माझ्या पायांकडे बघत होती. "परत." मी परत चालले. "आता हळू." लहानपणी सोनिवलीला शेतात माझ्या डाव्या पायाला कोयता लागला होता. जखम भरली, पण तो पाय टाकायच्या आधी मी किंचित थांबते. कोणाच्या लक्षात येत नाही असं मला वाटायचं. ती मोजत होती, तोंडाने, एक, दोन, तीन. मग बटणं दाबायची. मग पुन्हा, "चाल."

तेव्हा मला कळलं की महिनाभर पाटावर कोण चालत होतं. कोणी आपलं चित्र काढलं तर बरं वाटायला हवं, असं म्हणतात. मला आधी लाज वाटली, मग राग आला, की सांगितलं का नाही. मग तेही गेलं आणि मी चालत राहिले. त्या दुपारी मी मोरीपासून दारापर्यंत किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. टाचा दुखायला लागल्या. चहाच्या वेळेला बाई सोळा घरं ओलांडून गेली आणि पहिल्या घरात आली. डाव्या पायाशी थांबत. सुवर्णाने यंत्र बंद केलं नाही, पाटावर ठेवलं, आणि दोन दिवसांची भांडी घासायला बसली.

शनिवारी आम्ही दोघी दोन नंबरात गेलो. साडीच्या दुकानामागे एक लांबट खोली, तीन कारागीर दिवे जोडत बसलेले, जळक्या तारेचा वास. मुरलीशेठ साठीचे, पांढरा लेंगा-सदरा. त्यांनी यंत्र डोळ्यांजवळ धरलं. बाई एकदा गेली. दुसऱ्यांदा गेली. शेठनी कारागिराला बोलावून दाखवलं.

"ये लंगड़ा के चलती है क्या?"

"लंगडत नाही, थांबते," सुवर्णा म्हणाली.

"रोक के दिखाया? घड़ी के काँटे के माफिक?" शेठ हसले. "बढ़िया है, बेटा. बहुत बढ़िया." मग त्यांनी यंत्र परत दिलं. "पर क्या है, इधर सब जेन्ट्स लोग. लेडीज कभी रखा नहीं. कल कोई कुछ बोला तो तेरा बाप मेरे को पकड़ेगा."

सुवर्णाचा चेहरा मी बघितला नाही. खोलीत बघितलं. कोपऱ्यात एक स्टूल होतं, त्यावर तारांचं भेंडोळं. मी ते उचलून खाली ठेवलं आणि बसले.

"मैं बैठेगी," मी म्हटलं. "रोज. सुबह से शाम. कौन क्या बोलता, मैं देखेगी."

"भाभी, घर का काम?"

"मेरा घर का काम आप मत देखो."

कारागीर तारेवर वाकून हसत होते. शेठनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "ठीक है, सोमवार से."

घरी हे म्हणाले, "तू बसणार? तिथे?" मी म्हटलं, "तुम्ही तीस वर्षं बसलात, मला एक महिना बसू द्या." त्यांनी पत्र टाकलं नाही.

सव्वा महिना मी त्या स्टुलावर बसले. सकाळी साडेसातला पोळ्या आणि भाजी, साडेनऊला दोघी बाहेर. पहिले चार दिवस मी फक्त बसले. पाचव्या दिवशी सुवर्णाने पाटीवर हत्ती चालवला, कुठल्याशा बॅगांच्या दुकानासाठी. लाल दिव्यांचा हत्ती. मी म्हटलं, हत्ती असे पाय टाकत नाही, मागचा आधी उचलतो. शेठनी ऐकलं, तिला बदलायला लावलं. हत्ती खरा झाला. मग दिवा फडफडणारा, मग मोर, मग लाडू खाणारा लहान मुलगा. शेठ आता काही झालं की स्टुलाकडे वळायचे. "भाभी, बोलो, मोर ठीक है?" मी सांगायची. कारागीर चहा आणायचे, आधी मला. जूनमध्ये निकाल लागला, सुवर्णा पास झाली. कोणी पेढे आणले नाहीत, आम्ही कामावर होतो.

एक लिहून टाकते. त्या सव्वा महिन्यात मला पायांचा त्रास झाला नाही. दिवसभर एका जागी बसायची, तरी नाही. संध्याकाळी घरी येऊन कुकर लावताना मी मोजायची नाही.

जुलैच्या सुरुवातीला एका संध्याकाळी आम्ही रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. रस्त्यावर चिखल होता. सुवर्णा म्हणाली, "आई, उद्यापासून तू नको येऊस."

"का? कोणी काही बोललं?"

"नाही. कोणी काही बोलत नाही. तेच." तिने ओढणी पिळली. "पाटी मी करते. शेठ तुला विचारतात."

ती म्हणाली ते खरं होतं. खोटं असतं तर मी भांडले असते.

"बाबांना काय सांगायचं?" मी विचारलं.

"सांग, शेठना आता स्टुलाची जागा लागते."

"खोटं मी सांगणार नाही. सांगेन की तिला माझी गरज नाही."

"आई."

"अगं, नाही तर नाही. त्यात रडण्यासारखं काय?"

रिक्षा आली. आम्ही बसलो. वाटेत ती पुढच्या पाटीचं बोलत होती, घड्याळाच्या दुकानाची, त्यात लंबक कसा हलवायचा त्याचं. मला लंबकाबद्दल एक सांगायचं होतं, टोकाला गेला की तो जरा रेंगाळतो. मी सांगितलं नाही. तिचं तिला सापडलं असणार. ती पुढे पुष्कळ वर्षं त्या कामात होती, शेठांकडे, मग दुसरीकडे, मग स्वतःचं. स्थळं नंतर आली, तिच्या सवडीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डबा घेतला, "येते" म्हणाली आणि गेली. साडेनऊ वाजले होते. माझ्या पायांत चपला होत्या. कधी घातल्या मला कळलं नव्हतं. मी थोडा वेळ दारात उभी राहिले, मग काढून ठेवल्या, आणि मोरीपासून दारापर्यंत चालायला लागले.